चित्राचा विषय : आपले जगणे

शालेय चित्रकलेच्या वह्या चाळल्या की एक चित्र हमखास आढळते : दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड. जवळा बाजारच्या शिवारात हळद आहे, सोयाबीन आहे, कापूस आहे. नारळीच्या बागा नाहीत. तरीही मुलांच्या कागदावर नारळ उगवतो, हळद उगवत नाही. त्या चित्रात वाईट काही नाही. पण ते त्या मुलाचे नाही.

आपले घर, आपली माणसे, आपले कष्ट चित्रात येण्याच्या योग्यतेचे नाहीत, ही समजूत त्यामागे आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या वस्तीकडे शतकानुशतके पाहणेच टाळले गेले, त्यांच्या लेकरांच्या मनात ही समजूत अधिक खोल रुजते. म्हणून हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या तासाचा उरत नाही. तो स्वाभिमानाचा ठरतो.

वास्तविक आपल्या मराठवाड्यातील सर्वांत थोर चित्रे रोजच्या जगण्याने भरलेली आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वेस्संतर जातक रंगविले आहे. दानशूर राजपुत्र नगर सोडून निघतो, तेव्हा चित्रकार त्याच्याबरोबर बाजाराचा रस्ता आणि दुकानांत बसलेली माणसेही दाखवितो. करुणेची कथा सांगताना त्याला बाजार क्षुल्लक वाटला नाही.

आधुनिक काळातही हा धागा तुटलेला नाही. कोल्हापुरात 1867 साली जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यांवरील स्त्री-पुरुष, त्यांचे पोशाख आणि व्यवसाय आत्मीयतेने रेखाटले. जिव्या सोमा मशे यांनी लग्नविधीपुरत्या भिंतीवर असलेल्या वारली चित्राला शेती, मासेमारी, नाच अशा नित्याच्या जीवनाकडे नेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉ. सुधीर पटवर्धनांनी लोकलचे प्रवासी, कामगार, इराणी हॉटेलात बसलेला माणूस हेच आपले विषय मानले.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत 'स्मरणचित्र' हा विषय असतो. किती अर्थपूर्ण शब्द आहे हा! वसतिगृहातील मुलाजवळ स्मरणाइतके दुसरे धन कोणते? परंतु दहावीच्या वाढीव गुणांच्या ओढीने तयार चित्रे पाठ करून घेतली जातात आणि स्मरणाची जागा पाठांतर घेते.

आधी प्रमाण, छायाप्रकाश शिकू द्या, विषय नंतर पाहू, असे काही जण म्हणतील. अभ्यासाची गरज आम्हांसही मान्य आहे. पण स्टीलचे ताट, पत्र्याची पेटी, दोरीवर वाळणारा गणवेश यांवरही तोच अभ्यास होतो. शिजणाऱ्या हळदीच्या वाफेत उभी असलेली आई काढताना छायाप्रकाश अधिकच मन लावून शिकला जाईल.

एक सावधगिरी मात्र हवी. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे चित्र मुलाने स्वतःहून काढावे. पाहुण्यांना हेलावून टाकण्यासाठी ते त्याच्याकडून काढवून घेऊ नये. दुःखाचे प्रदर्शन मांडणे म्हणजे पुन्हा त्याच्याकडे न पाहणेच होय. त्याला आनंद काढावासा वाटला, क्रिकेट काढावेसे वाटले, तर तेही त्याचेच जगणे आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक निवासी विद्यार्थ्याजवळ गुण न देता तपासली जाणारी एक कोरी वही असावी. शिक्षकांनी तीत रेघ दुरुस्त करू नये, 'हे कोण? हे काय करीत आहेत?' एवढेच विचारावे. वर्षाअखेरीस मुलाने स्वतः निवडलेले एक चित्र शाळेच्या भिंतीवर लागावे. जे आहे ते जसे आहे तसे पाहणे, ही तथागतांची शिकवण आम्ही मुलांना रोज सांगतो. तिचा सराव करण्यास एक पेन्सिल आणि एक कागद पुरेसा आहे.