नावाचे पैसे कोण भरतंय?

परवा महालात खालाच्या घरी बसलो होतो. बोलण्याचा विषय एकच, तिच्या नातीची गणिताची शिकवणी. पोरगी अकरावी सायन्सला आहे, हुशार आहे, पण महिन्याची हजार रुपये फी झेपत नाही म्हणून दोन महिन्यांपासून शिकवणी बंद. "खर्च वाढलाय, बेटा. किराण्यालाच सगळं जातं," खाला म्हणाली. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि फळीकडे नजर गेली. आटा टीव्हीवरचा. तांदूळ टीव्हीवरचा. डाळ, मीठ, साखर, चहा, सगळं मोठ्या नावाचं. साखरेचंसुद्धा चकचकीत पाकीट! साखरेला कसलं आलंय नाव?

मला राहवलं नाही. मागच्या महिन्याचं बिल मागितलं आणि बडकस चौकाच्या आसपासच्या दोन दुकानांत जाऊन त्याच वस्तूंचे भाव विचारले. खुला माल, किंवा दुकानदाराने स्वतः भरलेली पाकिटं. तूरडाळ तीन किलो, किलोमागे १८५ ऐवजी १३५. तांदूळ १५ किलो, ८० ऐवजी ५८. आटा २० किलो, ४८ ऐवजी ४२. यात गहूही आला आणि चक्कीवरची पिसाईही. चहापत्ती एक किलो, ५६० ऐवजी ३६०. मीठ दोन किलो, ३० ऐवजी १८. साखर पाच किलो, ५८ ऐवजी ४५. सहा वस्तूंचा फरक झाला ८८९ रुपये. साबण, तेल, बिस्किटं मी मोजलीच नाहीत. वर्षाचे होतात १०,६६८ रुपये. म्हणजे शिकवणीच्या फीला महिन्याकाठी फक्त १११ रुपये कमी पडत होते, आणि घरात चाललं होतं की पोरीला गणित झेपतं का तेच पाहू.

हे फक्त खालाच्या घरात असतं तर लिहिलं नसतं. आपल्या वस्त्यांत, महालात, मोमिनपुऱ्यात, हंसापुरीत, ज्यांच्या घरी महिन्याला मोजका पगार किंवा रोजची मजुरी येते, त्याच घरांत नावाचा हट्ट सगळ्यात जास्त दिसतो. ज्यांच्याकडे पैसा आहे ते इतवारीच्या किराणा ओळीत जाऊन वर्षाचा गहू-तांदूळ पोत्याने भरतात. आपण मात्र एक-एक किलोची रंगीत पाकिटं आणतो, आणि गल्लीतून येताना थैली जरा उघडीच ठेवतो.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नाही. खुलं सामान म्हणजे गरिबी. मेहमान आला आणि त्याने खुल्या चहापत्तीचा पुडा पाहिला तर इज्जत गेली. मला हे नीट कळतं, कारण माझ्या अम्मीनेही तेच केलं. तिच्याकडे एका नावाजलेल्या चहाचा पत्र्याचा डबा होता, कुठल्यातरी लग्नात आहेर म्हणून आलेला. तो चहा महिन्याभरात संपला, डबा मात्र २० वर्षं टिकला. आत कायम इतवारीची खुली पत्ती. फुफी यायच्या, चहा प्यायच्या आणि म्हणायच्या, "हीच कंपनी घेत जा, दुसऱ्या कुठल्या चहाला ही चव नाही." अम्मी मान डोलवायची. अब्बा पेपरमागे तोंड लपवून हसायचे. अम्मीने इज्जत राखली ती डब्याने, पैशाने नाही. आपल्या पिढीला तेवढीही चतुराई राहिली नाही; आपण डबाही विकत घेतो आणि आतलाही माल त्याच भावाने.

आता कोणी म्हणेल, नावाच्या वस्तूत दर्जा असतो. काही वस्तूंत असतो, त्यावर पुढे येतो. पण मिठाचं घ्या. खाण्याच्या मिठात आयोडीन असलंच पाहिजे असा कायदा २००६ पासून देशभर लागू आहे. १८ रुपयांच्या पाकिटालाही तो लागू, ३० रुपयांच्यालाही. वरचे १२ रुपये कशाचे? साखरेचंही तसंच. ती कारखान्यातून दाण्याच्या आकाराप्रमाणे प्रतवारी होऊन पोत्यात बाहेर पडते. पुढे कोणी ती एक किलोच्या पाकिटात भरून वर नाव छापलं, तर साखर काही जास्त गोड होत नाही. डाळीत दाणा, पॉलिश, खडे एवढंच पाहायचं असतं, आणि खुल्या डाळीत ते तळहातावर घेऊन दिसतं. बंद पाकिटात दिसतो फक्त हसणाऱ्या बाईचा फोटो.

सरकारनेही या नावाची किंमत एकेकाळी कबूल केली होती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा आटा, तांदूळ, डाळीवरचा पाच टक्के कर नावाच्या पाकिटबंद मालावर होता. बिननावाच्या मालावर शून्य. १८ जुलै २०२२ पासून नियम बदलला आणि २५ किलोपर्यंतचं लेबल लावलेलं कुठलंही पाकीट करात आलं, मग ते कंपनीचं असो की कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं. तराजूवर तुमच्यासमोर मोजून दिलेला खुला माल मात्र अजून करमुक्त आहे. गरिबाच्या डाळीवर कर लावला म्हणून आपण तेव्हा ओरडलो, आणि ते ओरडणं योग्यच होतं. पण जो कर टाळायची मुभा कायद्यानेच दिलेली आहे, तो आपण रोज आपल्या हाताने भरतो, वर कंपनीला नावाचे वेगळे देतो. यावर कधी मोर्चा निघाला नाही.

नावावरून आठवलं. नागपुरात ज्याला त्याला एचएमटी तांदूळ हवा असतो. बारीक, सुटसुटीत, बिर्याणी नसेल त्या दिवशी घरोघरी तोच. हे वाण कोण्या कंपनीने काढलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम शिकलेले, छोटीशी जमीन असलेले दलित शेतकरी. त्यांनी १९८० च्या दशकात आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, बी वेगळं ठेवलं, वर्षानुवर्षं निवडत नेलं. बाजारात माल गेला तेव्हा त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं नाव त्याला चिकटलं. एचएमटी! घड्याळाचा भाताशी काय संबंध? काहीच नाही, पण नाव चाललं. आज त्या नावाने किती कंपन्या पाकिटं विकतात ते मोजून पाहा. दादाजी २०१८ मध्ये गेले. मानसन्मान मिळाले, पैसा मिळाला नाही. म्हणून तुम्ही ८० रुपयांचं पाकीट उचलता तेव्हा वरचे २२ रुपये ज्याने तांदूळ घडवला त्याच्या घरी जातात असं कृपा करून समजू नका.

दादाजींनी आपल्या हाताने जे कमावलं, तशा नावाला पैसे मोजायला माझी ना नाही. भिवापूरची मिरची, वायगावची हळद, भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ, या तिघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिन्ही आपल्या हाकेच्या अंतरावर पिकतात. त्या नावात माती आहे, मेहनत आहे. ऐपत असेल तर दोन पैसे जास्त देऊन जरूर घ्या. मात्र कुणाला विचारा, वायगाव कुठे आहे म्हणून. सिनेमानटाने विकलेल्या हळदीचं गाणं मात्र पोरांना तोंडपाठ असतं.

आता दर्जाचं. दोन गोष्टींत मी कंजुषी करायला सांगणार नाही. खुलं तेल घेऊ नका. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि माणसं मेली. खुल्या तेलाच्या विक्रीला कायद्यातही मनाई आहे, तरी ती सर्रास चालते. आणि दळलेले मसाले खुले घेऊ नका. हळदीत काय रंग घातलाय ते डोळ्यांना कळत नाही. अख्खी हळद, अख्खी मिरची आणा, कांडपावर आपल्यासमोर कुटून घ्या. आपल्या आया तेच करायच्या. बाकी पाकीट घ्यायचंच असेल तर समोरचा फोटो नको, मागची बाजू वाचा. १४ आकडी परवाना क्रमांक आहे का, भरल्याची तारीख आहे का, 'निर्माता' कोण आणि 'विक्रेता' कोण. मोठ्या साखळी दुकानांची स्वतःच्या नावाची पाकिटं असतात, ती मोठ्या नावापेक्षा स्वस्त असतात, आणि कित्येकदा ती भरणारा कारखाना तिसऱ्याच कुणाचा असतो, तसाच तो मोठ्या नावांचाही असतो. जर्मनीतली आल्डी नावाची दुकानांची साखळी तर जवळजवळ सगळा माल स्वतःच्याच नावाने विकते आणि तिथली खातीपिती माणसंसुद्धा तिथून घेतात. त्यांची इज्जत गेल्याचं ऐकलं नाही.

आणि वजन बघा. पाकिटावर आता किलोचा किंवा ग्रॅमचा दरही छापलेला असतो, चष्मा लावावा लागतो एवढंच. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचलाच राहिला, पण आतली बिस्किटं वर्षागणिक कमी होत गेली. वजन छापलेलं असतं, त्यामुळे कायद्याने गुन्हा नाही. कुरआनात मापात पाप करणाऱ्यांवर एक अख्खी सूरा आहे, मुतफ्फिफीन. ती आपण तराजूवाल्या किराणावाल्याला ऐकवतो. पुडा बारीक करणाऱ्याला कोण ऐकवणार?

धर्माचा विषय निघालाच आहे तर शिक्क्याचंही बोलून घेतो. गोश्त, जिलेटिन, औषधाची कॅप्सूल, इथे हलालची खात्री करून घेणं समजू शकतं. पण डाळीला, मिठाला, साखरेला हलालचा शिक्का पाहून जास्त पैसे देणारे महाभाग मी पाहिले आहेत. डाळ हराम कधी होती? नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्राच्या मालावर बंदी घातली, तेव्हापासून हा शिक्का म्हणजे आपली ओळख असं काहींनी ठरवून टाकलं. ती बंदी मला अन्यायाची वाटते. म्हणून मिठावर शिक्का मारून घ्यायला मी जास्त पैसे द्यावेत, हे मात्र पटत नाही. एक जण शिक्क्याची भीती विकतो, दुसरा शिक्क्याचं समाधान विकतो, दोघांचंही बिल आपल्या नावावर.

मॉलवाल्या स्वस्ताईबद्दल माझी एक तक्रार आहे, तीही लपवत नाही. १७ मार्च २०२५ ला महालात जे झालं ते सर्वांना माहीत आहे. संचारबंदी लागली, रमजान चालू होता. पहिल्या दोन सहऱ्या घरात होतं त्यावर निघाल्या. फोनवरच्या ॲपवर सामान मागवायला गेलो तर 'तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही'. त्याच फोनवर दोन्ही बाजूंचे मेसेज येत होते, यांच्याकडून घेऊ नका, त्यांच्याकडून घेऊ नका. बंदोबस्त जरा शिथिल झाला तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हिंदू दुकानदाराने शटर अर्धं वर केलं. पैसे काढायची सोय नव्हती. त्याने डाळ, रवा, खजूर मोजून दिले आणि वहीत लिहून ठेवलं. भाव नेहमीचाच लावला. ते पाकीट त्याचंच होतं. साधी पारदर्शक थैली, आत चिठ्ठी, त्यावर दुकानाचं नाव, वजन, तारीख. मॉलमध्ये दोन रुपये आणखी वाचले असते, कबूल. पण मॉलकडे वही नाही.

म्हणून मी खालाला मॉलमध्ये नेलं नाही. याच दुकानात नेलं. चार घरांनी मिळून तांदळाचा एक कट्टा आणि गव्हाचा एक कट्टा घ्यायचा, आपसात वाटून घ्यायचा, असंही ठरवलं. यात नवीन काही नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या घरांचे गट करून महिन्याचा किराणा असाच एकत्र घेते. आपल्या मोहल्ल्यांत मय्यतीची देगची, लग्नाचे डेरे, सतरंज्या सामायिक असतात. गव्हाचा कट्टा सामायिक असायला कुणाची हरकत आहे?

खालाची होती. पहिला आठवडाभर तिने शेजारणीला सांगितलं की कट्टा आमचा नाही, भाडेकरूचा आहे. मग एक दिवस शेजारीणच विचारत आली, पाचवं घर चालेल का. आता डाळ, तांदूळ, आटा, साखर, मीठ सगळं वहीवाल्याकडून येतं. नातीची शिकवणी या सोमवारपासून सुरू झाली, वरचे पैसे मामा देतो. चहा मात्र खाला जुन्याच कंपनीचा घेते, त्यावर ती ऐकून घ्यायला तयार नाही. अम्मीचा डबा शोधतोय.