आधी उगवण तपासा, मगच लायब्ररी घ्या

मृगाच्या तोंडावर जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात डोकावा. कपाशीची पाकिटं कृषी सेवा केंद्रातून आणलेली दिसतील, आणि कोपऱ्यात मागच्या हंगामातलं राखून ठेवलेलं सोयाबीनचं पोतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, घ्यावी की नाही, हे मी इथल्या मुलामुलींना या पाकिटावरून आणि पोत्यावरूनच सांगतो.

1. बाहेरचं घेण्यात कमीपणा नाही. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ उभी केली आणि संकरित बियाण्यासाठी हे शहर देशभर ओळखलं जाऊ लागलं. जाणत्याचं काम जाणत्याकडून घ्यावं. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र किंवा ‘क्षेत्र’मधली जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळवायला फायरफॉक्स आणि क्रोमसुद्धा ‘हार्फबझ’ ही मुक्त लायब्ररी वापरतात. ते काम कोणी नव्याने लिहायला निघालं, तर मी हात जोडून थांबवेन. पासवर्ड सुरक्षित ठेवण्याचंही तसंच.

2. पण पुढच्या वर्षी पुन्हा दुकानात जावं लागेल का, हे पेरणीआधीच कळलेलं हवं. संकरित कपाशीची सरकी राखून पेरली तर पुढची पिढी एकसारखी येत नाही, म्हणून दरसाल पाकीट. सोयाबीन स्वपरागी, ते घरचं चालतं. लायब्ररीतही हा फरक असतो. काहींचा कोड लायसन्स पाळून आपल्याकडे उतरवून घेता येतो आणि मूळ लेखकाने काम थांबवलं तरी आपण तो सांभाळू शकतो. काहींच्या मागे कंपनीचा सर्व्हर असतो; तो बंद, की आपलंही बंद. शिवाय गुण कायमचा नसतो. बोंडअळीला दाद न देणारी म्हणून आलेल्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने तीच बोंडं पोखरली.

3. चिमूटभर मिठासाठी बाजार गाठू नये. मार्च 2016 मध्ये एका लेखकाने ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं आपलं पॅकेज ‘एनपीएम’ या पॅकेजांच्या सामायिक भांडारातून काढून घेतलं. अवघ्या 11 ओळी, काम एवढंच की मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या. तेवढ्याने जगभरच्या कितीतरी प्रकल्पांची बांधणी अडली.

आमच्या छोट्या प्रकल्पातही, तालुकावार पावसाचा तक्ता मांडायला, आम्ही अशीच एक लायब्ररी घेतली होती. आठही तालुक्यांची नावं घातली आणि रकाने वाकडे झाले. ‘मंठा’ डोळ्याला दोन अक्षरं. ती लायब्ररी म, अनुस्वार, ठ आणि काना असे चार मोजत होती. ‘घनसावंगी’ची पाच अक्षरं तिच्या लेखी आठ. रोमन लिपीत ती चोख चालायची. आमच्या रानात मात्र ते वाण कधी पेरूनच पाहिलेलं नव्हतं.

4. मागे माणूस कोण आहे ते पाहा, आणि त्याची विचारपूसही करा. ‘एक्सझेड’ ही फाइलचा आकार लहान करणारी लायब्ररी असंख्य लिनक्स यंत्रांवर आहे. ती वर्षानुवर्षं जवळजवळ एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकलेला असताना ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षांत विश्वास कमावला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये तो उघडकीला आला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्या एकट्या माणसाकडे तगादा लावणारे होते. हातभार लावणारे कुठे होते? ज्या विहिरीचं पाणी आपण पितो, तिचा गाळ काढायला आपण जायला नको का?

5. पाहुण्याबरोबर त्याचं गणगोत येतं. डिसेंबर 2021 मध्ये ‘लॉग4जे’मधलं भगदाड सापडलं, तेव्हा अनेक संस्थांचे कितीतरी दिवस ती लायब्ररी आपल्याकडे आहे की नाही, हे शोधण्यातच गेले. दुसऱ्याच कुठल्या लायब्ररीच्या पाठीवर बसून ती आत आली होती.

6. उगवण तपासा. सोयाबीनचे शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. कमी आले तर बियाणं वाढवा. 2020 च्या खरिपात विकतचं सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पिशवीवर शिक्का होताच. लायब्ररीलाही आठवडाभर वेगळ्या फांदीवर (ब्रँचवर) आपल्या मजकुरासकट चालवा: मराठी नावं, अर्धवट भरलेले अर्ज, जुना मोबाइल, तुटक नेटवर्क.

7. ठराव लिहून ठेवा. मुक्त प्रकल्प गावाच्या चावडीसारखा. तिथला निर्णय एकट्याच्या मनात राहू नये. का घेतली, सांभाळतं कोण, लायसन्स कोणतं, आणि उद्या सोडायची झाली तर काय करायचं, अशा चार ओळी कोडशेजारीच ठेवा. नव्याने येणाऱ्याला कारण विचारायला कोणाचं दार ठोठावावं लागू नये. दरवर्षी मृगाआधी ती यादी काढायची आणि एकेक नाव पुन्हा तपासायचं. आमच्या यंदाच्या यादीत पहिलं नाव रकाने भरणाऱ्या त्या लायब्ररीचं आहे. तिच्या जागी मंठ्याला दोन अक्षरं मोजणाऱ्या आमच्याच नऊ ओळी येत आहेत.