नेता बदलता येतो, वस्ती परत आणता येत नाही

न्यूयॉर्क शहरातील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची नामांकित वस्ती. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते तिच्या शेजारीच आहे. त्याच काळात ही वस्ती भरत होती. तिचे पुढे काय झाले, हे आपल्या समाजाने जाणून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

दक्षिणेतील जुलमाला कंटाळून हजारो कुटुंबे इथे आली. चर्च हाच त्यांचा आधार होता. अॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री अॅडम क्लेटन पॉवेल यांनी १९४१ साली बसगाड्यांवरील बहिष्काराचे नेतृत्व केले. भाडे आमचे घेता, मग ड्रायव्हर आमचा का नाही, हा त्यांचा साधा सवाल. लोक पायी चालले आणि कंपन्या नमल्या. कृष्णवर्णीयांना ड्रायव्हर व मेकॅनिकच्या नोकऱ्या मिळाल्या. १९४४ साली वस्तीने पॉवेल यांना अमेरिकेच्या संसदेत धाडले.

१९६७ साली संसदेने त्यांना सदस्यत्व नाकारले, तेव्हा हार्लेमने त्यांनाच पुन्हा निवडले. पण पुढे ते वस्तीत दिसेनासे झाले. १९७० साली पक्षाच्या उमेदवारीसाठी लोकांनी चार्ल्स रँगेल यांना कौल दिला. कितीही मोठा नेता असो, लोक त्याला बदलू शकतात, हे हार्लेमने दाखवले.

रँगेल २०१७ च्या आरंभापर्यंत खासदार राहिले. दरम्यान घरभाडी भडकली आणि जुनी कुटुंबे पांगली. त्याच चर्चने १९८९ साली संस्था काढून गरिबांसाठी घरे उभी केली, पण भाडेवाढीपुढे ती पुरली नाहीत. सभा कोणी भरवायची, मुलांकडे कोणी बघायचे, शेजाऱ्याच्या मयतीला कोण धावणार? ती माणसेच लांब गेली.

बंधू-भगिनींनो, वरळी-नायगावच्या चाळींपासून उपनगरांतील झोपडपट्ट्यांपर्यंत आज आपल्याही वस्त्यांचा पुनर्विकास सुरू आहे. चांगले घर मिळणे हा आपला हक्कच आहे. पण सही करण्याआधी तो कागद विहारात सर्वांसमोर वाचा. माता-भगिनींनाही बोलावा. नव्या आराखड्यात विहाराची आणि वाचनालयाची जागा लेखी मागा. देखभालीचा खर्च किती, तो पगारात बसेल का, हे विचारा. पैशाच्या मोहाने घर विकून लांब जाण्याआधी दहादा विचार करा.

समितीचा अध्यक्ष चुकला, तर पुढच्या बैठकीत बदलता येईल. पांगलेली वस्ती कोणत्या बैठकीत गोळा करणार?

जय भीम!