वासुदेवाचा अंगरखा



घरातील वृद्ध माणसाला विस्मरणाचा आजार जडला, की काळजीपोटी आपण त्याच्या हातातील कामे एकेक करून काढून घेतो. आधी गॅसजवळ जाणे बंद होते, मग विळी फडताळात जाते, मग सुईदोऱ्याचा डबा. प्रत्येक वेळी आपले कारण रास्तच असते. पण एके दिवशी ध्यानात येते, की त्या माणसाने करावे असे घरात काहीच उरलेले नाही. आमच्या घरी हे ध्यानात आले ते एका अंगरख्यामुळे. त्या हकीकतीत माझी एक चूकही आहे. ती आपल्या हातून होऊ नये, म्हणून सांगते.

सासूबाईंचे वय ७८. निदान होऊन दोन वर्षे झाली होती. आज वार कोणता, हे त्या सकाळपासून पाच-सहा वेळा विचारीत. त्याच सुमारास सहा वर्षांच्या नातवाने शाळेच्या स्नेहसंमेलनात वासुदेव व्हावे, असे ठरले. भाड्याने आणलेला पोशाख टोचणाऱ्या कृत्रिम कापडाचा आणि मापाला भलताच मोठा निघाला. घरीच शिवू, असे मी धिटाईने म्हटले खरे, पण बटण लावण्यापलीकडे मी आयुष्यात काही शिवलेले नव्हते. सासूबाईंनी पोलकी, परकर, दुपटी पुष्कळ शिवली होती. सोंगाचा पोशाख मात्र त्यांनीही कधी शिवला नव्हता.

वासुदेवाचा वेश आपण जाणताच. घोळदार पांढरा अंगरखा, कमरेला शेला, पायांत घुंगरू, हाती चिपळ्या आणि मोरपिसांची उंच, निमुळती टोपी. टोपी मी पुठ्ठ्याची केली. अंगरख्यासाठी सासऱ्यांचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर काढले. मुलाच्या छातीचा घेर २४ इंच. अंग मोकळे राहावे म्हणून २८ इंच धरला. अंदाजाने गोल गळा कापला, बाजू कच्च्या टाक्यांनी जोडल्या आणि त्याच्या डोक्यातून घालू लागले, तो अंगरखा कानांवरच अडला. गळ्याचा घेर १४ इंच आणि डोक्याचा २०! छाती मोजली, उंची मोजली, डोके मोजायचे राहून गेले होते.

सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या. "आण इकडे," म्हणाल्या. गळ्याच्या मधोमध त्यांनी बोटाने खाली एक रेघ ओढली, तेथे मला कापावयास लावले, कडा आत दुमडल्या आणि दोन बंद मागितले. वार न आठवणाऱ्या त्या बाईला गळा कसा मोकळा करायचा, हे कोणी सांगावे लागले नाही.

यात चमत्कार नाही. ताज्या घटना स्मरणात ठेवण्यासाठी मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग महत्त्वाचा असतो आणि अल्झायमरच्या आजारात त्याला फार लवकर इजा पोहोचते. वर्षानुवर्षे सरावलेल्या हातांची स्मृती मेंदूच्या अन्य भागांवर अवलंबून असते. ती पुष्कळदा अधिक काळ टिकते. सर्वांचीच टिकते असे नाही. शिवणकामाने हा आजार बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण टिकून असलेले कौशल्य वापरावयास मिळाले, तर माणसाचा दिवस बरा जातो.

आता माझी चूक. बाह्यांची तुरपाई सासूबाईंनी केली. काही टाके वाकडे पडले होते. त्या निजल्यावर मी ते उसवले आणि मशीनवर सरळ टीप घातली. त्यांना कोठे आठवणार आहे, असे मनात म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाही हाती घेतली, शिवणीवरून अंगठा फिरविला आणि म्हणाल्या, "हे माझे नव्हे." त्या दिवशी त्यांनी सुई हाती धरली नाही. मी टीप उसवून ठेवली. तिसऱ्या दिवशी "आई, एवढे करून देता का?" अशी विनवणी केली, तेव्हा त्यांनी बाही पुन्हा पुढे ओढली. त्यांचे टाके पुन्हा वाकडेच पडले आणि तसेच राहिले.

आपल्या घरी असे काम काढावयाचे असेल, तर काही गोष्टी सांभाळाव्यात. वेळ सकाळची निवडावी. या आजारात सायंकाळी गोंधळ वाढण्याचा संभव असतो. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते, म्हणून उजेड भरपूर हवा. उजव्या हाताने शिवणाऱ्यास तो डावीकडून यावा. पाठीला आधार, पावले जमिनीवर आणि कोपरे मेजावर टेकलेली असावीत. दर वीस मिनिटांनी सुई ठेवून दूर पाहावे, बोटे उघडझाप करावीत. सुई मोठ्या नेढ्याची घ्यावी. पांढऱ्या कापडावर कच्चे टाके गडद दोऱ्याने घालावेत, म्हणजे ते दिसतात आणि काढावयासही सोपे जातात. मधुमेहामुळे बोटे बधिर असतील, तर अंगुस्तान वापरावे आणि काम संपल्यावर बोटे नीट पाहावीत. सुया व टाचण्या मोजून द्याव्यात, मोजून परत घ्याव्यात. कात्री आपण जवळ असतानाच हाती द्यावी. वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली असेल, तर सुई, टाचण्या आणि बटणे देऊच नयेत. अशा वेळी जवळ बसून कापडाच्या घड्या घालणे, कापड ताणून धरणे अशी कामे द्यावीत. तीही खरीच कामे आहेत.

आणि काम खरे असावे, हेच मुख्य. वेळ जावा म्हणून दिलेले चिंधीचे तुकडे आणि नातवाच्या अंगावर चढणारा अंगरखा, यांतील फरक वृद्ध माणसाला चटकन कळतो.

संमेलनाच्या दिवशी नातू टोपी घालून, चिपळ्या वाजवीत आजीपुढे उभा राहिला. सासूबाईंनी बाही हातात धरून पाहिली. "कोणी शिवले ग हे?"

"तुम्हीच, आई."

त्यांना ते आठवत नव्हते. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरविला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "टाके वाकडे आहेत. पण पक्के आहेत."