आधी सुधारणा की आधी दुरुस्ती?

आगरकरांनी 1888 साली 'सुधारक' काढला तेव्हा या शब्दाचे पुढे काय होणार आहे, याची त्यांना कल्पना नसावी. आगरकरांचे काही शिक्षण अकोल्याला झाले. आमचे साडूही अकोल्याचेच, आणि तेही स्वतःला सुधारक समजतात. फरक एवढाच की आगरकर समाज सुधारायला निघाले होते आणि साडू गेली चाळीस वर्षे आपला स्टीरिओ सुधारत आहेत. समाज थोडाफार तरी सुधारला.

मी अमरावतीचा, आणि पंथाने दुरुस्तीवादी. माझ्याकडे वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, एक कॅसेट डेक आणि हाताने जोडलेला एक अँप्लिफायर आहे. तिन्ही वाजतात. साडूंकडे काही टिकतच नाही. त्यांचा अँप्लिफायर जुना होण्याआधीच 'मागे पडतो'. कोणाच्या मागे पडतो, ते विचारायचे नाही. अमरावती-अकोला अंतर शंभरेक किलोमीटरचे. पण हा मतभेद बडनेरा-मूर्तिजापूर मार्गे कुठलीही एसटी पार करू शकलेली नाही. हा लेख मी उघडउघड त्यांच्याविरुद्ध लिहितो आहे. दिवाळीत मेव्हणी मला चिवडा बेताचाच वाढील, पण सत्यासाठी माणसाने एवढे सोसलेच पाहिजे.

मागे एकदा त्यांनी 50 वॅटचा अँप्लिफायर काढून 100 वॅटचा आणला. "आता आवाज डबल!" असा फोन आला. आता वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट सुमारे दहापट लागतात. साडूंनी पैसे दुप्पट मोजले, आवाजाने नुसती मान हलवली. मग आले नवे स्पीकर. म्हणे 40,000 हर्ट्झपर्यंत जातात. जात असतील, कान कुठे जातो? विशीतला तल्लख कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. साठीनंतर बहुतेकांची गाडी दहा-बारा हजारांच्या आसपासच थांबते. साडू सत्तरीला टेकले. वरचा सगळा माल ते मांजरासाठी विकत घेतात, असाच याचा अर्थ होतो. आणि त्यांच्याकडे मांजर नाही.

बरे, हे सगळे ऐकायचे कुठे? अकोल्यात. मे महिन्यात पारा 45 च्या वर, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरतोय, आणि त्या घरघरीत साडू महागड्या केबलमुळे सतारीच्या तारेत आलेला 'मोकळेपणा' मला दाखवताहेत! मी म्हणालो, "कूलर बंद करा, मग मोकळेपणा पाहू." कूलर बंद केला. पाच मिनिटांत आम्हीच मोकळे व्हायची वेळ आली.

त्यांच्या खोलीची खरी अडचण मला पहिल्याच दिवशी कळली होती. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. आवाज चेंडूसारखा उसळतो. उपाय सोपा होता. समोरच्या भिंतीला दोन कापसाच्या गाद्या उभ्या करायच्या. कापसासारखा आवाज पिणारा पदार्थ मिळणे कठीण, आणि आपण राहतो वऱ्हाडात! पण गादी हे काही अपग्रेड नव्हे. तिचा मॉडेल नंबर नसतो.

आता दुरुस्तीची बाजू. माझा अँप्लिफायर गुणगुणू लागला तेव्हा मी तो एका नामांकित कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेला. टायवाल्या मुलाने तो न उघडताच सांगितले, "काका, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, आणि बोर्ड आता येत नाही." म्हणजे डॉक्टरने नाडी न बघता तिरडीची ऑर्डर द्यावी, तसे. मग गेलो आमच्या जुन्या मिस्त्रींकडे. टपरीएवढे दुकान, डोळ्याला भिंग, हाताला थोडा कंप. त्यांनी झाकण काढले, वास घेतला आणि म्हणाले, "फेकता काऊन बाप्पा? जित्तं हाय थे. कॅपेसिटर फुगलं हाय फक्त." मोठ्या कॅपेसिटरच्या आत ओलसर रसायन असते. ते उन्हाने सुकत जाते, आणि तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. वऱ्हाडात माणसे तग धरतात हेच नवल, कॅपेसिटरचे काय घेऊन बसलात? दोन कॅपेसिटर बदलले, सुटलेले सोल्डर पुन्हा बसवले, गुणगुण गेली.

जाताना त्यांनी मला एक मंत्र दिला : अर्धी दुरुस्ती म्हणजे साफसफाई. डेकचे हेड स्पिरिटने पुसा, व्हॉल्यूमच्या बटणातली धूळ काढा, पिनांवरचा गंज घासा. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगावे लागते, हीच शरमेची गोष्ट आहे.

माझा राग साडूंवर कमी आणि त्या न उघडणाऱ्या डब्यांवर जास्त आहे. पूर्वी कित्येक रेडिओंच्या मागच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. बनवणाराच म्हणत असे, 'बाबा रे, कधी बिघडलो तर असा बरा कर.' आता डबा गोंदाने बंद, स्क्रूचे डोके असे की घरातला एकही पेचकस बसू नये. 2022 साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेला डबा उघडायला आता हक्क मागावा लागतो! तो हक्क मिळेल तेव्हा मिळेल. पण तोवर टपरीतले मिस्त्री राहतील का? त्यांच्या मुलाने मोबाइलच्या कव्हरांचे दुकान टाकले आहे. यंत्राचा वास घेऊन रोग सांगणारे नाक कुठल्या गोदामात मिळत नाही.

एवढे बोलल्यावर आता एक कबुलीही दिली पाहिजे.

परवा साडू सासूबाईंना घेऊन आमच्याकडे आले होते. सासूबाईंनी लहानपणी गावात गाडगेबाबांचे कीर्तन ऐकलेले. बाबांचे 1956 सालचे, निधनाच्या थोडेच आधी मुंबईत वांद्र्याला झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. त्याची कोणीतरी उतरवून दिलेली कॅसेट मी डेकवर लावली. खरखर, घरघर, आणि त्यातून तो आवाज. सासूबाई ताठ बसल्या. साडू पुटपुटले, "फारच हिस आहे हो. चांगल्या सिस्टीमवर..." आणि ट्रेबलच्या बटणाकडे हात नेला.

"हात नोका लावू!" सासूबाई कडाडल्या. "बाबा बोलून राह्यले, अन् तुमी खरखर काय ऐकता?"

साडूंनी हात मागे घेतला. चाळीस वर्षांचा वाद मी घरबसल्या जिंकलो होतो. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिले.

ती माझ्या उजव्या हाताकडे पाहत होती. त्यात पेचकस होता. हेडचा कोन किंचित ढळला आहे की काय, याचा मी पहिल्या मिनिटापासून विचार करीत होतो. बाबा काय सांगत होते, ते मला कोणी विचारू नये.