धूर आत, भांडण बाहेर?

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारची गोष्ट. रात्रीचा दीड वाजला तरी आमचे चिरंजीव घरी आले नव्हते. वय वर्षे १९. कॉलेज सांभाळून स्टेशनजवळच्या एका इझाकायात आठवड्यातून तीन रात्री काम करतात. सौ. खिडकीशी उभी, आणि आम्ही पेपर वाचत असल्याचे सोंग करून बसलेलो. शेवटी एकदाचा सायकलचा आवाज आला. दार उघडले तर स्वारीच्या शर्टाची वरची दोन बटणे गायब आणि मानेवर ओरखडा.

"काही नाही गं आई, एका गिऱ्हाइकाने कॉलर धरली," एवढे बोलून चिरंजीव फ्रिजकडे वळले.

हळूहळू हकीकत बाहेर आली. त्या दुकानात सिगरेटला बंदी आहे. ओढणाऱ्यांची सोय म्हणून मालकाने दाराबाहेर एक उभा ॲशट्रे ठेवला आहे. रात्री साडेबाराच्या सुमारास तिथे पाच-सहा जण धूर सोडत, मोठमोठ्याने हसत उभे होते. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी फोन करून तक्रार केली. मॅनेजरसाहेबांनी आमच्या पोराला पिटाळले, "जरा हळू बोला म्हणून सांगून ये." तेवढ्यात रस्त्याने जाणाऱ्या एकाला त्यांच्यातल्या कुणाचा तरी धक्का लागला, दोघांची जुंपली, आणि सोडवायला गेलेल्याची कॉलर हाती लागली. कोबानमधून पोलीस आले, भांडणाऱ्यांनी एकमेकांना वाकून माफी मागितली, प्रकरण मिटले. बटणे मात्र सापडली नाहीत.

"बाबा, आत ओढू दिली असती ना, तर ते बाहेर आलेच नसते. ह्या बंदीमुळेच होतं सगळं," चिरंजीव म्हणाले.

"आणि तो धूर रोज रात्री तुझ्या छातीत गेला असता, त्याचं काय?" सौ.

मग दोघांनीही आमच्याकडे पाहिले. घरात इंजिनीअर असला की त्याने सगळ्याचे कारण सांगायचे असते, अशी आमच्याकडे पद्धत आहे. तेव्हा वाचकहो, ह्या अंकाचा विषय हाच.

हा प्रश्न आम्हाला नवा नाही. २००३ साली आम्ही न्यूयॉर्कला एम.एस. करत होतो. ३० मार्चला तिथल्या बारमधून सिगरेट हद्दपार झाली आणि दोनच आठवड्यांनी, १३ एप्रिलला, ईस्ट व्हिलेजमधल्या एका क्लबात रखवालदाराचा खून झाला. सिगरेट विझवा असे सांगण्यावरून वाद पेटला आणि त्याला भोसकले, असे त्या वेळी पोलिसांनी सांगितले. आमच्या खोलीवर आठवडाभर हीच चर्चा. आमचा एक रूममेट, नागपूरचा, पक्का धुराडा. तो म्हणायचा, "पाहा, आता सगळं न्यूयॉर्क फुटपाथवर मारामाऱ्या करणार!" तसे काही झाले नाही. पण आज विचार करताना लक्षात येते, की त्या रखवालदारावर बेतले ते कुणी बाहेर उभे राहिल्यामुळे नाही, तर प्यायलेल्या माणसाला नियम सांगावा लागल्यामुळे. आमच्या चिरंजिवांचेही काम तेच होते.

आता जपानकडे येऊ. इथला प्रकार जगाच्या उलटा. इतर देशांनी माणसाला आधी आतून बाहेर काढले. आयर्लंडने २९ मार्च २००४ ला, इंग्लंडने १ जुलै २००७ ला. जपानने आधी बाहेरचा रस्ता बंद केला. टोकियोच्या चियोदा वॉर्डाने २००२ साली ठरवून दिलेल्या भागांत रस्त्यावर सिगरेट ओढणाऱ्याला दंड लावला. तिथे २००० येन भरावे लागतात. गर्दीत चालताना हातातल्या सिगरेटचे टोक नेमके लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते, हे त्यामागचे एक कारण. पुढे अनेक शहरांनी तोच कित्ता गिरवला. मात्र ह्या सगळ्या काळात इझाकायात बसून खुशाल ओढता येत होती! नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना ह्याचे फार आश्चर्य वाटायचे.

आतले दार बंद झाले ते १ एप्रिल २०२० ला. तेही पुरते नाही. आरोग्य मंत्रालयाने आधी सूट मागितली होती ३० चौरस मीटरपर्यंतच्या बार-स्नॅकना. कायदा संसदेतून बाहेर पडला तेव्हा १०० चौरस मीटरपर्यंतची जुनी छोटी दुकाने सुटली होती. जपान टोबॅकोचे एक तृतीयांशाहून अधिक शेअर सरकारनेच बाळगायचे असा इथे कायदा आहे, हे लक्षात घेतले की अंतर का वाढले त्याचा अंदाज येतो. टोकियोने मात्र स्वतःचा कडक नियम केला: ज्या दुकानात पगारी नोकर आहे तिथे, दुकान केवढेही असो, बंदी. ओढायची तर धूम्रपानाची वेगळी खोली करा, आणि तिथे खाणेपिणे न्यायचे नाही. शिंजुकूच्या गोल्डन गाईतल्या एकट्या मालकिणीच्या पाच खुर्च्यांच्या बारमध्ये आजही धूर दिसतो, त्याचे कारण हेच. तिथे नोकर नाही.

मग बंदीनंतर बाहेरची भांडणे वाढली का? कायदा लागू झाला १ एप्रिलला आणि करोनाची आणीबाणी जाहीर झाली ७ एप्रिलला. सहा दिवसांत बारच बंद! प्रयोगशाळेत दोन घटक एकदम बदलले तर निकाल कुणाच्या नावावर मांडायचा? म्हणून २०२० च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून कुणी छातीठोक सांगू लागला, तर खुशाल मान डोलवावी आणि सोडून द्यावे.

पण आपल्या सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातला एक दुसरा प्रयोग आहे. तो म्हणजे स्टेशन. टोकियोच्या खासगी रेल्वेंनी २००३ मध्ये आणि जेआर ईस्टने २००९ मध्ये प्लॅटफॉर्मवरची सिगरेट बंद केली. म्हणजे तिथे धूर नाही, ॲशट्रे नाही. तरी शुक्रवारी रात्री शेवटच्या गाडीच्या वेळी तिथे काय चालते ते आपण पाहतोच. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना होणाऱ्या मारहाणीचे आकडे खासगी रेल्वे कंपन्यांची संघटना दर वर्षी जाहीर करते. हात उगारणाऱ्यांत प्यायलेल्यांचा भरणा मोठा, आणि वेळ रात्री उशिराची. 'मारहाण हा गुन्हा आहे' अशी पोस्टर्स उगाच नाही लागत. तेव्हा भांडणाला लागतात त्या तीन गोष्टी: पोटात दारू, अरुंद जागा आणि घरी जायची घाई. सिगरेट त्यात नाही. पण माणसांना अरुंद जागी आणून उभे करायचे काम ती नक्की करू शकते. इथे चिरंजिवांचे म्हणणे अर्धे बरोबर निघते.

शिबुया वॉर्डाने १ ऑक्टोबर २०२४ पासून स्टेशनभोवती संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर पिण्याला वर्षभर मनाई केली. म्हणजे रस्त्यावरच्या धिंगाण्याचे मूळ त्यांना बाटलीत दिसले.

आता तो दाराबाहेरचा ॲशट्रे. दुकानाच्या आत कायद्याने बंदी. सार्वजनिक रस्त्यावर वॉर्डाची बंदी. मधे उरते ती दुकानाच्या मालकीची दोन-तीन फुटांची पट्टी. मालकाने नेमका तिथेच ॲशट्रे ठेवला. आत येणारे, बाहेर जाणारे, रस्त्याने चालणारे आणि धूर सोडणारे सगळे त्या पट्टीत एकमेकांना घासणार. नळाच्या तोंडाशीच बूच मारले तर पाणी उडणारच! ओसाकात तर २०२५ मध्ये दोन्ही दारे जवळजवळ एकदम लागली: २७ जानेवारीपासून शहरभर रस्त्यावर बंदी, दंड १००० येन, आणि १ एप्रिलपासून प्रांताच्या नियमाने ३० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांतही बंदी. अशा वेळी उभे राहायची जागा आखून दिली नाही, तर माणसे ती स्वतः शोधतात.

मुंबईकर वाचक म्हणतील, आमच्याकडे हा प्रश्नच नाही, बारच्या शेजारी पानटपरी असतेच! खरे आहे. मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला सार्वजनिक जागी धूम्रपान रोखण्याचा आदेश दिला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम आले. पण टपरी त्याच्या कितीतरी आधीची. ती जरा बाजूला असते, दाराच्या तोंडात नसते. न शिकलेल्या टपरीवाल्याला जे कळते ते आमच्या इंजिनीअर जमातीला आकडेमोड करून कळते.

राहिला सौ.चा प्रश्न, छातीतल्या धुराचा. बंदीनंतरच्या पहिल्या वर्षात स्कॉटलंडमधल्या नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने येणारे रोगी १७ टक्क्यांनी कमी झाले. जपानच्या कायद्याने २० वर्षांखालच्या मुलाला, तो नोकर असला तरी, धुराच्या जागेत जायला मनाई केली आहे. म्हणजे त्या इझाकायात आत सिगरेट चालू असती, तर आमच्या चिरंजिवांना तिथे कामच करता आले नसते! हा मुद्दा सौ.ने मांडला, आणि त्यावर दुसऱ्या बाजूकडे उत्तर नव्हते. बंदी मुळात चार तास बसून जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी नाही, आठ तास उभ्या असलेल्या पोरासाठी आहे. पण धुरापासून वाचवून त्याच पोराला मध्यरात्री प्यायलेल्यांच्या घोळक्यात एकटे पाठवायचे, हा कुठला न्याय? बंदी राहू द्या. ती सांगायचे काम मोठ्याने करावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दुकानात जाणार होतो. "बाबा, तुम्ही नका येऊ, माझं मी बोलतो," म्हणून चिरंजिवांनी रोखले. स्वतः बोलले. ॲशट्रे आता मागच्या अंगाला, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे गेला आहे आणि दहानंतर तिथे मॅनेजर स्वतः जातात. हवा थंड असल्यामुळे गप्पाही फार लांबत नाहीत म्हणे.

जाता जाता एक घरचा आहेर. यंदाच्या गणपतीत हॉलच्या मागच्या दाराशी आपल्यातलेच सात-आठ जण धूर सोडत, आरतीपेक्षा मोठ्या आवाजात क्रिकेटवर बोलत होते. शेजारच्या आजोबांनी दोनदा खिडकी उघडून पाहिले. तिथे तर दारूचा थेंब नव्हता, तरी हॉलवाल्यांचा फोन आलाच, आणि माफी मागायला कार्यकारिणीने कुणाला पाठवले? स्वयंसेवकांतल्या सगळ्यात धाकट्या मुलीला. धुराड्यांत एक आमचे जुने मित्र होते आणि त्यांच्याशेजारी, हातात सिगरेट नसली तरी गप्पांच्या लोभाने, आम्ही उभे होतो.

दिवाळीच्या कार्यक्रमाला जागा आधीच आखून ठेवू या. आणि शेजाऱ्यांकडे चकलीचा डबा घेऊन जायचे काम ह्या वेळी आमच्याकडे.