नावातच हिशेब आहे!

"एनटूओफोर म्हणजे काय?" फर्स्ट इयरच्या व्हायव्हात सरांनी विचारलं. मी ठसक्यात म्हटलं, "नायट्रोजन ऑक्साइड!" "कुठलं?" मी गप्प. कॉन्व्हेंटची फाडफाड इंग्रजी असून विकेट पडली. शेजारी माझी लॅब पार्टनर उभी होती. लालबागची, मराठी माध्यमाची. तीही गप्पच.

बाहेर आल्यावर म्हणाली, "डायनायट्रोजन टेट्राऑक्साइड. येत होतं गं, पण उच्चार चुकला तर सगळे हसतील ना!"

गिरगावात घरी आल्यावर आजोबांना हे सांगितलं. ते जुन्या अकरावीचे. म्हणाले, "अगं, आम्ही कर्बद्विप्राणील वायू म्हणायचो. द्वि म्हणजे दोन. नावातच हिशेब आहे की!"

आणि माझी ट्यूब पेटली. डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा म्हणजे आपलेच द्वि, त्रि, चतुर्, पंच, षट्. त्रिकोण, षट्कोन म्हणणाऱ्याला यात अवघड काय? दोन अधातूंचं साधं सहसंयुज संयुग असेल, तर पहिल्याचं नाव तसंच ठेवायचं, दुसऱ्याच्या शेपटीला 'आइड' लावायचं आणि अणू किती ते आधी सांगायचं. पहिल्याचा एकच अणू असेल तर 'मोनो' लावत नाहीत. पाहुणा एकटाच आला तर आपण तरी कुठे मोजतो? नावावरून फॉर्म्युलाही तसाच निघतो. सल्फर हेक्साफ्लोराइड म्हणजे एसएफसिक्स, इलेक्ट्रिकलवाल्यांच्या सर्किट ब्रेकरमधला गॅस. मात्र कॅल्शियम क्लोराइडसारख्या आयनिक संयुगांना हा नियम लावू नका. तिथे व्हॅलन्सी बघावी लागते.

ही नुसती घोकंपट्टी नाही. कार्बन डायऑक्साइड आपण सोड्यातून मजेत पितो. कार्बन मोनोऑक्साइड बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. फरक फक्त एका अणूचा!

पेपरात कर्बद्विप्राणील लिहा, असं मी म्हणत नाही. जगभर चालणारं नावच लिहायला हवं. पण होस्टेलवरचे कितीतरी जण 'आपलं इंग्रजी कच्चं' म्हणून मान खाली घालून बसतात. मित्रांनो, डाय-ट्राय हे मुळात ग्रीक आहे! आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनाही ते तेवढंच परकं. उलट द्वि-त्रि तुमच्या तोंडात आधीच आहे.

सर-मॅडमना एकच विनंती : पहिल्या तासाला फळ्यावर डाय-ट्रायशेजारी द्वि-त्रिही लिहा. आणि आपण सगळ्यांनी एक करूया. कुणाचा उच्चार चुकला तर हसू नका. माझा उच्चार अगदी बरोबर होता, उत्तर मात्र तिच्याकडे होतं.